नाही म्हणणारं यंत्र

अडूबाईनं सकाळी ऑफिसात येऊन खुर्चीला पाठ टेकवली न टेकवली, तोच नणंदेचा फोन आला. नणंद फोनवर कधी ‘कशी आहेस’ विचारत नसे. ती थेट मुद्द्यावर यायची, आणि मुद्दा बहुतेक वेळा भांडणाचा असायचा.

“वहिनी, तुझं यंत्र खोटं बोलतं.”

“कुठलं यंत्र?”

“कुठलं म्हणजे? तुझं लाडकं, रक्त दाखवणारं. सकाळपासून बघतेय, कुठल्याही गटावर बोट ठेव, एकच उत्तर. उपलब्ध नाही. म्हटलं, सगळ्या शहराचं रक्त आटलं की काय! शेवटी रक्तपेढीत फोन लावला. तिथली बाई म्हणते, कपाटं इतकी भरलीत की दार लोटून लावावं लागतंय.”

अडूबाईचा हात टेबलावरच्या चष्म्याकडे गेला.

“लाल अक्षरं आली का कुठं? मोठी, ठळक?”

“लाल नाही नि पिवळी नाही. छान काळ्या अक्षरात, अगदी सभ्यपणे, नाही म्हणतंय. तू असं सभ्य काही बनवशील असं वाटलं नव्हतं मला.”

नणंद शहराबाहेरच्या एका छोट्या रुग्णालयात सिस्टर होती. अडूबाईच्या लग्नात तिनं वरातीतच वहिनीच्या नाकावरून यमक जुळवलं होतं, वहिनीनं तिच्या वेणीवरून उलट जुळवलं, आणि तेव्हापासून दोघींचं प्रेम असंच एकमेकींना टोचत टोचत वाढलं. पण आज त्या टोचण्यामागं काळजी होती. ती अडूबाईला आवाजाच्या शेवटी ऐकू आली, दाराआड उभ्या राहिलेल्या माणसाचा श्वास ऐकू यावा तशी.

“आणि ऐक. यंत्र आलं म्हणून आज दुपारपासून पेढीचा फोन बंद होणार आहे ना? मग उद्या मी कुणाला विचारू?”

“बघते,” अडूबाई म्हणाली. “तू तिथंच राहा. फोन जवळ ठेव.”

“मी कुठं जातेय? माझी ड्यूटी आहे.”

अडूबाई हे नाव तिला ऑफिसनं ठेवलेलं. चारचौघं पुढं निघाले की ही बाई मध्येच अडून बसायची: हे असं का, ते तसं का. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, पाठीमागं अडूबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

रक्तपेढीचा तो प्रोग्राम तिच्याच हातचा. जावा भाषेत लिहिलेला, जुना, पण अजून खणखणीत. यंत्र मात्र नवं: पेढीत नुकतंच बसवलेलं, आणि रुग्णालयं त्याला आजच सकाळी जोडलेली. पेढीतल्या यंत्राला कपाटातल्या पिशवी न् पिशवीची खबर असायची. रुग्णालयातल्या यंत्रानं फक्त हाक मारायची. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ‘अगं, आहे का गं?’ म्हणून विचारावं इतकी सोपी हाक. मध्ये शहर असे, तारा असत, भिंती असत, पण हाक मारणाऱ्याला त्यांची दखलही घ्यावी लागू नये, अशी ती सोय. आणि हाकेला उत्तर आलंच नाही तर? त्यासाठी अडूबाईनं लाल अक्षरं ठेवली होती, डोळ्यांत खुपतील अशी.

ती लाल अक्षरं गेली कुठं?

तिनं कोड उघडला. ओळींमागून ओळी खाली सरकत गेल्या, ओळखीच्या गल्लीतून चालावं तशा. आणि जिथं हाक मारली जाते तिथं ती थबकली. तिच्या गल्लीत कुणीतरी भिंत बांधली होती. हाक फसली, एरर आली, तर ती कुणाला सांगायची नाही, कुठं नोंदवायचीही नाही. गिळून टाकायची, आणि विचारणाऱ्याच्या हातात एक रिकामी यादी द्यायची. रिकामी यादी म्हणजे स्क्रीनवर ‘उपलब्ध नाही’. सरळ, नीटस, शांत.

त्या ओळींपुढं लिहिणाऱ्याचं नाव होतं. होईलसाहेबांचं.

होईलसाहेब म्हणजे त्यांचे मॅनेजर. कधीकाळी तेही प्रोग्राम लिहीत, आणि हाताची ती खाज अजून गेली नव्हती. बाकी त्यांच्याकडं कुठलंही गाऱ्हाणं न्या, ते ‘होईल, होईल’ म्हणत. म्हणून हे नाव. ते चहाच्या मशीनपाशी कप भरत होते, तिथंच अडूबाईनं त्यांना गाठलं.

“साहेब, एरर गिळणाऱ्या ओळी तुम्ही टाकल्यात?”

“कुठल्या? हां, त्या! मीच टाकल्या. तुम्ही रजेवर होतात ना, तेव्हा पेढीच्या डॉक्टरबाईंना त्यांच्या खोलीतल्या स्क्रीनवर नवं यंत्र दाखवायला गेलो होतो. सगळा स्क्रीन लालेलाल. त्या म्हणाल्या, हे काय रक्त सांडल्यासारखं? लाज गेली हो. म्हटलं, जरा नीटनेटकं करून टाकू.”

“आणि लाल का झालं ते?”

“ते होईल. बघू सावकाश.”

“साहेब, तिकडं सिस्टरला दिसतंय की रक्त नाही.”

“मग? तिला साठा दिसतोय का? नाही ना? मग नाही.”

“साठा आहे. आपल्याला तो कळला नाही. नाही असणं वेगळं आणि न कळणं वेगळं.”

“बाई, तुम्ही शब्दांत फार अडकता.”

“उद्या कुणीतरी टेबलावर झोपलेला असेल. सिस्टर स्क्रीन बघेल, ‘नाही’ वाचेल, आणि रक्तासाठी गाडी दुसऱ्या शहरात पाठवेल. इथं कपाट दार लोटून लावावं लागतंय आणि गाडी तिकडं धावतेय. अडकले असेन तर त्यात अडकलेय.”

साहेबांनी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

“आणि त्या सुधारणेला तुम्ही हो म्हणालात की,” ते हळूच म्हणाले. “रजेवरून आल्या आल्या. तुमची संमती आहे तिथं.”

अडूबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खरं होतं ते. रुग्णालयांना जाणाऱ्या प्रोग्रामच्या प्रत्येक नव्या प्रतीला दोन माणसांचा होकार लागायचा, एक तिचा आणि एक साहेबांचा. साहेबांनी ‘किरकोळ सुधारणा’ लिहून पाठवलं होतं, आणि रजेनंतरच्या ढिगात तिनं ते न बघताच हो करून टाकलं होतं.

“म्हणाले,” ती म्हणाली. “न बघता हो म्हणाले, चुकलं माझं. आता बघितलंय. आता नाही म्हणतेय.”

“बरं, बरं. आधी मूळ बिघाड तर काढा.”

“कुठून काढू? काय बिघडलं ते सांगायला एरर आली होती. ती तुमच्या ओळींनी गिळली, आणि वर ढेकरसुद्धा दिला नाही.”

मागं रांगेत उभं असलेलं कुणीतरी खुसखुसलं. साहेब कप घेऊन खोलीत गेले.

अडूबाईनं ती भिंत पाडली. लाल अक्षरं जागेवर आणली, आणि ही उघडी प्रत चाचणी म्हणून फक्त नणंदेच्या यंत्रावर चढवली. तेवढ्याला साहेबांचा होकार लागत नव्हता. बाकीच्या सगळ्या रुग्णालयांत अजून तेच सभ्य, गिळकं यंत्र बसलेलं होतं, आणि दुपारी पेढीतला फोन बंद व्हायचा होता.

तेवढ्यात वायरमामा आले. खांद्यावर तारेचं वेटोळं, कानामागं पेन्सिल. ऑफिसातल्या आणि पेढीतल्या सगळ्या यंत्रांची मांडणी त्यांच्याकडं, आणि ते अख्ख्या ऑफिसचे मामा.

“बाई, रस्त्याला दोष देऊ नका,” ते उभ्या उभ्याच म्हणाले. “मी तपासून आलोय. रुग्णालयापासून पेढीपर्यंत रस्ता चोख आहे. निरोप जातो, निरोप येतो.”

“मी कुठं दोष दिला अजून?”

“देणार होतात. सगळे आधी मलाच देतात.”

फोन टेबलावर ठेवून तिनं आवाज मोठा केला. “हं, आता विचार बघू यंत्राला.”

नणंदेनं बटण दाबल्याचा आवाज आला. मग तिचा चढलेला आवाज.

“अगं बाई! आली तुझी लाल पिलावळ!”

“आनंद झाला,” अडूबाई म्हणाली, आणि तो खराच झाला होता. “वाच. जसं आहे तसं.”

“इंग्रजी आहे. कनेक्शन रिफ्यूज्ड टू होस्ट. म्हणजे दार उघडलं नाही, असंच ना? पुढं आकडे आहेत. एकशे सत्तावीस, टिंब, शून्य, टिंब, शून्य, टिंब, एक.”

अडूबाईनं वायरमामांकडं पाहिलं. वायरमामांनी अडूबाईकडं पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरचं वेटोळं काढून टेबलावर ठेवलं, आणि डोक्याला हात लावून खुर्चीत बसले.

“काय झालं? बोला की!” फोनमधून नणंद ओरडली. “मेलात की काय दोघं?”

“अगं, तो आकडा म्हणजे पत्ता असतो,” अडूबाई म्हणाली. “जगातल्या कुठल्याही यंत्राला तो सांगितला की त्याचा अर्थ एकच: मी स्वतः. माझं स्वतःचं घर.”

“मग?”

“मग तुझं यंत्र पेढीला विचारायला निघालं, आणि स्वतःच्याच दारावर टकटक करत बसलं. आत कोण असणार?”

नणंद जोरात हसली. मागं कुणीतरी तिला ‘सिस्टर’ म्हणून दटावलं.

“पण त्याला हा पत्ता दिला कुणी?”

“पेढीतल्या यंत्रानंच,” वायरमामा फोनकडं वाकून, कबुलीच्या सुरात म्हणाले. “हे असं असतं ताई. तुमचं यंत्र आधी पेढीच्या दाराशी जातं. ते बरोबर पोहोचतं, म्हणून मला रस्ता चोख दिसला. तिथं त्याला चिठ्ठी मिळते, की पुढची विचारपूस या पत्त्यावर करा. पेढीचं यंत्र नवं आहे. त्याला त्याचं नाव विचारलं, सांगतं. राहतोस कुठं विचारलं, तर म्हणतं, इथंच! घरी! त्यानं चिठ्ठीत ‘इथंच’ लिहून दिलं. तुमच्या यंत्रानं चिठ्ठी घरी नेऊन वाचली. आता ‘इथंच’ म्हणजे तुमच्या घरी.”

“आणि तुम्ही लोकांनी बसवताना तपासलं नाही?”

तपासलं होतं. चांगलं तासभर तपासलं होतं, पण पेढीतल्या त्या नव्या यंत्रापुढंच दोन खुर्च्या ओढून. त्याच यंत्रावर साठा, त्याच यंत्रावर स्क्रीन. ‘इथंच’ हा पत्ता तिथं अगदी बरोबर होता. यंत्रानं स्वतःचं दार वाजवलं, स्वतःच उघडलं, आणि या दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली होती.

“घरातल्या घरात पाहुणचार केला आपण,” वायरमामा पुटपुटले.

“यजमानही आपण, पाहुणेही आपण,” अडूबाई म्हणाली. “आणि जेवण उत्तम झालं म्हणून आपणच सांगितलं.”

फोनमधून नणंदेनं गळा साफ केला. ही तिची जुनी खूण. अडूबाईनं कपाळाला आठ्या घातल्या, पण थांबवलं नाही.

“पुसते गं पत्ता तुझा, सांग राहशी कुठं गं बाई,
माझ्याच मी दारी उभी, आत माझ्या कुणी नाही.”

“छान,” अडूबाई म्हणाली. “आता काम करू दे.”

काम थोडंच होतं. नवं यंत्र मांडताना त्यातल्या बसवणाऱ्या प्रोग्रामनं नावाला पत्ता जोडणारी एक ओळ आपणहून लिहून ठेवली होती. वायरमामांनी ती पुसून पेढीचा खरा पत्ता लिहिला. अडूबाईनं आणखी एक बंदोबस्त केला: प्रोग्राम सुरू होतानाच त्याला त्याचा पत्ता बजावून सांगायचा, त्याच्या समजुतीवर सोडायचं नाही. पेढीतला प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केला. मग नणंदेनं बटण दाबलं, आणि तिकडच्या स्क्रीनवर, तिच्याच शब्दांत, सुगीच्या खळ्यासारखी रास पडली.

“आलं गं वहिनी, सगळं आलं! ए, बी, ओ, सगळे! बाई गं, इतकं रक्त आहे आणि हा मेला सकाळपासून नाही म्हणत होता!”

वायरमामांनी वेटोळं पुन्हा खांद्यावर टाकलं. आवाज ऐकून साहेब खोलीतून बाहेर आले.

“झालं ना? मी म्हटलंच होतं, होईल.” त्यांचा चेहरा खुलला होता. “आता एररवरचं माझं झाकण परत बसवा, आणि दुपारी पेढीत जाऊ.”

अडूबाई हळूच वळली.

“झाकण कशाला?”

“सुरक्षेसाठी. आता एरर येणारच नाही, तर झाकण राहिलं म्हणून काय बिघडलं?”

“येणार नसेल तर झाकण कशाला? आणि येणार असेल, तर झाकण कशाला?”

“बाई, शब्दांचे खेळ नकोत.”

“खेळ कसला? आजचा बिघाड गेला. उद्या तार तुटेल, परवा वीज जाईल, कधी पेढीचं यंत्र झोपेल. हाक फसायला शंभर कारणं आहेत. दर वेळी हे यंत्र सभ्यपणे सांगणार, रक्त नाही. आणि ऐकणाऱ्याला खरं वाटणार. तेच मला नको.”

“आणि मला दर वेळी डॉक्टरबाईंचा फोन नको. मी सांगतोय म्हणून बसवा.”

“तुम्हीच बसवा. माझा होकार मिळणार नाही.”

“मग तुमच्या उघड्या प्रतीला माझा होकार नाही.”

झालं. गाडी दोन्ही बाजूंनी अडली. पण हे अडणं सारखं नव्हतं, आणि ते साहेबांनाही ठाऊक होतं. काहीच पाठवलं नाही, तर रुग्णालयांत आहे तेच राहणार, म्हणजे झाकणवालं. अडूबाई आयुष्यभर अडून जिंकत आली होती. आज नुसतं अडून चालणार नव्हतं. तिनं खुर्चीच्या पाठीवरची ओढणी घेतली, खांद्यावरून घट्ट ओढून कमरेला गाठ मारली.

“मामा, दुपारी पेढीत माझ्याबरोबर या. तारा ओळखणारं माणूस हवंय मला.”

“लावायच्यात?”

“काढायच्यात.”

नव्या प्रतीत तिनं लाल अक्षरांचा मजकूरही बदलला. इंग्रजी काढून टाकलं. साधं लिहिलं: ‘पेढीशी बोलणं होत नाही. रक्त आहे की नाही, ते कळलेलं नाही. फोन करा.’ आणि खाली पेढीच्या भांडारातल्या फोनचा नंबर घातला. कुणालाही न विचारता. ही प्रतही चाचणी म्हणून नणंदेच्या यंत्रावर चढवली.

पेढीतली भांडाराची खोली थंड होती. एका भिंतीला काचेच्या दारांची उंच कपाटं उभी होती, आत पिशव्या ओळीनं लावलेल्या, गडद, निवांत. बारीक घुरघुर सतत चालू. समोर टेबलावर साठ्याचं यंत्र, शेजारी जुना करडा फोन. अडूबाईनं आपले दोन छोटे संगणक टेबलावर मांडले. एकावर साहेबांची प्रत, एकावर तिची.

डॉक्टरबाई ताठ चालीच्या होत्या, पांढरा कोट, बोलणं तुटक, धारदार.

“दोन कशाला?”

“निवडायला,” अडूबाई म्हणाली.

“निवडायचं काही नाही डॉक्टर,” साहेब घाईनं म्हणाले. “सगळं झालंय, फक्त सही–”

“मामा, काढा,” अडूबाई म्हणाली.

वायरमामा टेबलाखाली वाकले आणि पेढीच्या यंत्राची तार त्यांनी उपसली. साहेबांच्या तोंडचं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं.

अडूबाईनं दोन्हीकडं बटण दाबलं. एका स्क्रीनवर लाल अक्षरं भसकन उमटली. दुसरा स्क्रीन स्वच्छ. सगळ्या गटांपुढं काळ्या, रेखीव अक्षरांत: उपलब्ध नाही.

“डॉक्टर, मागं बघा,” अडूबाई म्हणाली.

डॉक्टरबाई वळल्या. काचेमागं पिशव्यांच्या रांगा. वळून पुन्हा त्यांनी स्क्रीनकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटले. साहेबांना वाटलं, आता आपली शोभा होणार. पण डॉक्टरबाईंचं बोट लाल अक्षरांकडं गेलं.

“हे मला नकोय. हे दिसलं की सिस्टर लोक घाबरतात आणि फोन करत सुटतात. फोन कमी व्हावेत म्हणून तर मी हे सगळं घेतलं. आज दुपारपासून फोनवरची बाई काढलीये मी.”

“तेच तर मी सांगत होतो,” साहेबांना जीव आला.

अडूबाईला अशी पलटी अपेक्षित नव्हती. काच दाखवली की झालं, असं तिला वाटलं होतं. मग ती टेबलावर दोन्ही हात टेकवून उभी राहिली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला.

“करू देत फोन, डॉक्टर. घाबरून केलेला फोन बरा. हे दुसरं वाचून कुणी घाबरणार नाही. निमूट मान हलवतील आणि पेशंटच्या माणसांना सांगतील, रक्त नाही. तुमच्या नावानं सांगतील. तुमचं कपाट भरलेलं असताना.”

“तार रोज थोडीच तुटते?”

“रोज नाही. ज्या दिवशी तुटेल त्या दिवशीचंच बोलतेय मी.”

“आणि फोन उचलायचा कुणी?”

त्याच वेळी करडा फोन वाजला.

थंड खोलीत तो आवाज फारच मोठा वाटला. साहेबांनी डॉक्टरबाईंकडं पाहिलं, डॉक्टरबाईंनी दाराकडं. ज्या बाईनं आजवर तो उचलला तिची खुर्ची रिकामी होती. वायरमामा हातात तार धरून टेबलाखालून बघत राहिले. अडूबाईनं मुद्दाम हात मागं बांधले. स्क्रीन लाल झाला की दिसेल त्या नंबरावर फोन कर, असं तिनंच नणंदेला सांगून ठेवलं होतं. पण फोन उचलणं हे काही तिचं काम नव्हतं.

फोन वाजत राहिला. शेवटी डॉक्टरबाईंनी तो झडप घालून उचलला.

“बोला. पेढी.”

पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. नणंद कधीच हळू बोलत नसे.

“सिस्टर बोलतेय. इथं स्क्रीन म्हणतोय पेढीशी बोलणं होत नाही, फोन करा. म्हणून केला. उद्या सकाळी आमच्याकडं एका बाईचं ऑपरेशन आहे. बी निगेटिव्ह. आहे का तुमच्याकडं? नसेल तर आत्ता सांगा, मला तिच्या नवऱ्याला दुसऱ्या शहरात पाठवावं लागेल. तो इथंच उभा आहे, चपला घालून.”

ही नुसती चाचणी नव्हती, ऑपरेशन खरं होतं. अडूबाईला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाईंची नजर साहेबांच्या स्वच्छ स्क्रीनवर गेली. बी निगेटिव्ह: उपलब्ध नाही. त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला, कपाटापाशी गेल्या, काचेचं दार ओढलं. थंड वाफ त्यांच्या कोटावर आली. त्या खालच्या कप्प्यात वाकल्या, बोटानं रांग चाळली, परत आल्या.

“आहे,” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “नाव सांगा पेशंटचं, बाजूला काढून ठेवते. आणि त्यांना म्हणावं, चपला काढा.”

त्यांनी फोन ठेवला. मग अडूबाईकडं वळल्या. आवाज अजून धारदार होता, पण आता धार दुसऱ्या दिशेनं होती.

“हा नंबर तुम्ही मला न विचारता घातलात?”

“हो.”

“काढा तो.”

“डॉक्टर, तो काढला तर–”

“काढा म्हटलं ना. या खोलीत दुपारनंतर कुणी नसतं. दारातल्या टेबलाचा घाला, तिथं कायम माणूस असतं. त्याला मी सांगते.” त्यांनी साहेबांची प्रत असलेल्या संगणकाचं झाकण एका बोटानं मिटवलं. “आणि हे मला पुन्हा दाखवू नका.”

अडूबाईनं तिथंच उभ्या उभ्या नंबर बदलला आणि आपला होकार टाकला. दुसऱ्या होकाराची जागा रिकामी लुकलुकत राहिली. तिनं संगणक साहेबांकडं सरकवला. डॉक्टरबाई बघत होत्या, वायरमामा बघत होते. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, बोट मात्र मुकाट खाली आलं. प्रत निघाली, एकेका रुग्णालयाच्या नावापुढं ‘पोहोचली’ उमटू लागलं. शेवटचं नाव उमटेपर्यंत अडूबाईनं डोळा हलवला नाही. मग वायरमामांनी तार जागेवर खुपसली, आणि लाल स्क्रीन निवळून पिशव्यांच्या रांगांनी भरला.

बाहेर जिन्यावर साहेब तिच्यासाठी थांबले होते. डॉक्टरबाईंसमोर गिळलेलं सगळं त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

“गिऱ्हाइकापुढं मला तोंडावर पाडलंत तुम्ही, बाई. हे काम यापुढं तुमच्याकडं राहील असं समजू नका. सोमवारी माझ्या खोलीत या. सविस्तर बोलायचंय.”

“येईन की,” अडूबाई म्हणाली, आणि कमरेची गाठ सोडून ओढणी मोकळी केली. “फक्त खुर्ची ठेवा. मलाही सविस्तर बोलायचंय, आणि उभ्यानं माझे पाय दुखतात.”